कुणाची तरी वही

"कुणाची तरी वही होती गं," ताई म्हणाली आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आम्ही ती माईकवरून वाचली. अख्ख्या शाळेला ऐकवली! पोरं बाकांवर डोकी आपटून हसत होती. तो पिक्चर बघूनच सुचलं होतं आम्हाला."

कुणाची तरी!

मी तिच्यासमोर बसून तिच्याच हातचं जेवत होते. घास तोंडातच राहिला. भाची म्हणाली, "आई, तू एवढी वांड होतीस?" आणि भावजी कौतुकानं बायकोकडे बघत बसले. मी पाण्याचा ग्लास उचलला, अख्खा रिकामा केला आणि खाली ठेवला. ती वही माझी होती. ह्या बाईच्या सख्ख्या, पाठच्या, एका पांघरुणात झोपणाऱ्या बहिणीची. तेहेतीस वर्षं मी तो दिवस उरावर घेऊन फिरतेय आणि हिच्या लेखी ती कुणाची तरी वही.

साफ विसरली असती तर एक वेळ मी गप्प बसले असते. पण ही विसरली नव्हती. हिला माईक आठवत होता, बाकं आठवत होती, हसणारी पोरं आठवत होती. फक्त मला तेवढं गाळलं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या, पण तोंडानं मी काय म्हणाले असेन? "भाजी छान झालीये."

जेवणं झाल्यावर भाचीनं मला स्वयंपाकघरात गाठलं. ताईची पन्नाशी महिन्यावर आली होती. "मावशी, आईला तो पिक्चर भिंतीवर मोठ्ठा करून दाखवायचाय. पण तिला ऐकू कुठं येतं आता? सबटायटल तूच करून दे ना. तुझं कामच आहे ते."

तीन वर्षांत ताईचे दोन्ही कान गेले होते. मशीन लावून समोरच्याचं बोलणं जेमतेम कळायचं, पण पिक्चर लावला की मशीनमध्ये नुसती घरघर. मग ती मशीन काढून ठेवायची आणि खालची अक्षरं वाचत बसायची. मोठ्यानं वाचायची. तिला वाटायचं, आपण मनातल्या मनात वाचतोय. घरातल्यांना त्याची सवय झाली होती.

"देते की," मी म्हटलं. "अगदी मन लावून करून देते."

माझं कामच ते. बहिऱ्या माणसांसाठी पिक्चरखाली अक्षरं लिहिणं. नुसते संवाद नाही, आवाजसुद्धा. दार आपटलं तर कंसात 'दार आपटतं'. कुत्रं भुंकलं तर कंसात 'कुत्रं भुंकतं'. एका वेळी दोन ओळी, सात सेकंदांच्या वर एकही वाक्य ठेवायचं नाही. आमच्या साहेबांना आम्ही कात्री म्हणतो, कारण कुणी एक शब्द जास्त लिहिला की ते तो उडवतात. त्यांचा नियम एकच: "ऐकू येतं ते लिहा. तुम्हाला काय वाटतं ते घरी जाऊन लिहा."

ऑफिसच्या जुन्या पिक्चरांच्या यादीत तो होताच. माझ्याबरोबरच्या दुसऱ्या एकीच्या वाट्याला आला होता, मी तो मागून घेतला. ती बिचारी खूश झाली, कारण जुन्या पिक्चरचा आवाज फार खरखरतो. मी हेडफोन चढवले, खुर्ची पुढे ओढली आणि बटण दाबलं.

आम्ही दोघींनी तो पिक्चर किती वेळा पाहिला असेल! कॅसेट भाड्यानं आणायची आणि परत द्यायच्या आधी सकाळी आणखी एकदा बघायची. शाळेतली एक सुंदर, फाजील पोरगी, तिची टोळी, तिच्यावर मरणारा एक उंच मुलगा. आणि एक चष्म्याची गप्प मुलगी, तिची वही पळवून ही टोळी शाळेच्या माईकवरून वाचते. शेवटी सगळी नाचतात. तेव्हा मला वाटायचं, काय गोड पिक्चर आहे. ताईनं त्या सुंदर पोरीसारखी कपाळावर झुलपं कापून घेतली होती. मी आरशात बघून ठरवलं होतं की मलाही तसंच व्हायचंय. चष्मा माझ्या नाकावर होता आणि तरी मला कळलं नव्हतं की ह्या पिक्चरमध्ये मी कोण ते.

आता सेहेचाळिसाव्या वर्षी, एकेक वाक्य थांबवून थांबवून ऐकताना डोळे उघडले. अहो, ती वही पळवणारी पोरगीच पिक्चरची नायिका होती! कॅमेरा तिच्या बाजूचा, गाणी तिच्या बाजूची. वही वाचून झाल्यावर ती एकटी गच्चीवर जाऊन रडते आणि आपल्याला तिचीच दया यावी म्हणून मागे व्हायोलिन वाजतं. ते मलाच लिहावं लागलं, कंसात: 'व्हायोलिन'. आणि जिची वही, ती कुठंय? ती पुढच्या प्रसंगात नाहीच. अख्ख्या पिक्चरमध्ये तिला वाक्यं किती, तर अकरा. मी मोजली, मोजणं माझ्या कामात येतं. त्यातली चार नुसती "नाही" आणि "काही नाही". शेवटच्या नाचात सुंदर पोरगी तिला मिठी मारते, चष्मा काढते, आणि दीड मिनिटात माफी. दीड मिनिट! मी त्या ठिकाणी 'टाळ्या' लिहिलं आणि टाळ्या वाजवणाऱ्या एकेका पोराच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला.

आमच्या शाळेत नाच वगैरे झाला नाही. तो ताईचा शाळेतला शेवटचा आठवडा होता. मी सातवीत. प्रत्येक वर्गात भिंतीवर एक स्पीकर होता, सूचना देण्यासाठी. दुसऱ्या तासाला तो खरखरला आणि ताईचा आवाज आला, पिक्चरमधल्या पोरीसारखा नाकात: "ऐका हो ऐका. एका मुलीच्या वहीतून." पहिल्याच वाक्याला माझे हातपाय गार पडले. मी बाईंना न विचारता धावत सुटले. ऑफिसच्या खोलीला आतून कडी होती. मी दार बडवत ओरडले, "बस कर ताई! बस कर!" तो आवाजही माईकमध्ये गेला. मग तर शाळा नुसती उसळली.

त्या पानावर काय होतं, ते मला पाठ आहे. वहीही अजून आहे, कपाटात खालच्या कप्प्यात. मी लिहिलं होतं की वर्गात माझ्याशी कुणी बोलत नाही, म्हणून मी आरशासमोर उभी राहून बोलायचा सराव करते. आरशातल्या मुलीला विचारते, "आपण कोण?" मग आम्ही दोघी डबा खातो. झालं! तेव्हापासून माझं नाव आपणकोण. ताई पुढच्या शिक्षणाला वसतिगृहात निघून गेली, तिला कुणाचा काही पत्ता नाही. मी मागे तीन वर्षं आपणकोण होते. जिन्यात, मैदानात, परीक्षेच्या हॉलमध्येसुद्धा. गेल्या वर्षी बँकेत काउंटरमागचा एक टकला माणूस माझा फॉर्म बघून ओरडला, "अरे, आपणकोण!" मी पैसे न काढताच घरी आले.

घरी मी कुणाला सांगितलं नाही. सांगून काय मिळणार होतं? "थट्टा केली असेल, मोठी बहीण आहे." आणि ताईनं त्या रात्री वही माझ्या उशीखाली परत ठेवून दिली, एक शब्द न बोलता. मी बोलणंच सोडलं. जिथं बोलावं लागत नाही अशी नोकरी बघितली, कानांवर हेडफोन आणि दुसऱ्यांचे शब्द. मला कुणी विचारलं की एकटीला कंटाळा येत नाही का, तर मी म्हणते, सवय आहे.

पण एका गोष्टीची सवय काही केल्या झाली नाही. त्या पानावर दोन ओळी होत्या, त्या ताईनं वाचल्या नाहीत. वरचं वाचलं, खालचं वाचलं, त्या दोन तेवढ्या टाळल्या. दारापाशी उभी राहून मी ते ऐकलं होतं. म्हणजे तिनं पान आधी नीट वाचलं होतं. काय वाचायचं आणि काय नाही, हे ठरवून ती माईकसमोर बसली होती. आणि आता म्हणते, कुणाची तरी!

ऑफिसची फाईल मी चोख करून दिली. कात्रींनी एक शब्द कापला नाही. मग त्याच फाईलची एक प्रत मी घरी आणली. तुम्हाला काय वाटतं ते घरी जाऊन लिहा, म्हणाले होते ना? बरं साहेब, लिहिते.

सबटायटलची फाईल वेगळी असते. पिक्चरला हात लावावा लागत नाही, अक्षरं बदलली की झालं. माईकचा प्रसंग एक मिनिट पन्नास सेकंदांचा होता. पडद्यावरची पोरगी बोलणार त्या उंच मुलाबद्दल काहीतरी गुळमुळीत, आणि खाली उमटणार माझं पान. शब्दन् शब्द, सातवीतल्या चुकांसकट. त्या दोन ओळीही. त्या दोन ओळी मी अकरा सेकंद ठेवल्या. नियम सातचा आहे, पण म्हटलं, ताईला वाचायला वेळ मिळू दे. मला काय हवं होतं ते सरळ सांगते. तिनं नवऱ्यासमोर, पोरीसमोर ते वाचावं, पांढरी फटक पडावी आणि तोंडानं म्हणावं, वही कुणाची होती. तेहेतीस वर्षांचं उट्टं एका दुपारी काढायचं होतं मला. ताईचा वाढदिवस रविवारी होता, त्याची वाट बघताना मी कितीतरी वर्षांनी गुणगुणत होते.

रविवारी दुपारी भाचीनं पडदे ओढले, भिंतीवरचं घड्याळ, फोटो उतरवले. भावजींनी सोफा मागे सरकवला. ताई मधोमध बसली, नवा ड्रेस, केस रंगवलेले. मी तिच्या शेजारी. तिनं दोन्ही कानांतली मशीन काढून डबीत ठेवली आणि माझा हात हातात घेऊन सगळ्यांना म्हणाली, बहिरी माणसं बोलतात तशी मोठ्यानं, "ही आहे म्हणून मला पिक्चर दिसतो बरं का. नाहीतर मी आंधळीच झाले असते." भाची म्हणाली, "मावशी ग्रेट आहे." माझा हात तिच्या हातात घामेजला, पण मी तो काढून घेतला नाही. मनात म्हटलं, घे, लाड करून घे, अजून पंचवीस मिनिटं आहेत.

पिक्चर सुरू झाला. ताई एकेक अक्षर वाचू लागली. "शाळेची घंटा," ती म्हणायची. "मुलींचा गलका." "दार आपटतं." झुलपांची पोरगी आली तेव्हा ती मला कोपरानं ढोसून म्हणाली, "आठवतं?" मी मान हलवली. आठवतं, बाई. सगळं आठवतं.

मग तो प्रसंग आला. भिंतीवर ती पोरगी माईकसमोर बसली, वही उघडली. खाली अक्षरं उमटली. आणि ताई वाचू लागली.

"वर्गात माझ्याशी कोणी बोलत नाही. म्हणून मी आरशासमोर बोलायचा सराव करते."

इथं माझं काहीतरी चुकलंय, हे मला तेव्हाच कळलं. तो आवाज! पन्नाशीचा, जरा घोगरा, पण तोच. वाक्याच्या शेवटी तसाच वर जाणारा. मी इतकी अक्कल लढवली, सेकंद मोजले, स्वल्पविराम तपासले, पण ही बाई सगळं मोठ्यानं वाचते हे माझ्या डोक्यात आलंच नाही. तिचा बहिरेपणा मी हत्यार म्हणून घेतला आणि तिची सवय विसरले. माझी वही मी माझ्या हातानं परत तिच्या तोंडात दिली होती.

"मावशी," भाची कुजबुजली, "सबटायटल चुकलंय. ती वेगळंच बोलतेय."

"असू दे," मी म्हटलं.

"मी आरशातल्या मुलीला विचारते, आपण कोण?" ताईनं वाचलं. "मग आम्ही दोघी डबा खातो."

भावजी फिस्सकन हसले. भाचीही हसली. खाली अक्षरं आली आणि ताईनं तीही वाचली: "हशा."

मी सोफ्याची कड घट्ट धरली. सेहेचाळीस वर्षांची बाई मी, आणि माझे हातपाय तसेच गार पडले. एवढ्यात त्या दोन ओळी उमटल्या.

"मला ताईसारखं व्हायचंय," ताई वाचत होती, "ताई कोणालाच घाबरत नाही. ताई शेजारी झोपली की मला अंधाराची—"

ती थांबली. त्या पिक्चरमध्ये ताई कुणी नव्हतीच. तो पिक्चर तिला माझ्याइतकाच पाठ होता. अकरा सेकंद ती अक्षरं भिंतीवर राहिली. मी ठेवली होती ना! ताईचे ओठ अर्धवट उघडे होते. भाचीनं एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पिक्चर थांबवला.

"मागे घे," ताई म्हणाली. "पहिल्यापासून वाचू दे मला."

भाचीनं मागे घेतलं. ताईनं परत वाचायला सुरुवात केली, ह्या वेळी हळू, एकेक शब्द. वर्गात माझ्याशी कोणी बोलत नाही. आरसा. डबा. आता कुणी हसलं नाही, पण ते जास्त वाईट होतं. भाची माझ्याकडे अशा नजरेनं बघत होती की त्यापेक्षा हसली असती तर बरं झालं असतं. कुणी माझी कीव केलेली मला खपत नाही.

"बस कर ताई," मी म्हटलं. मग ओरडले, "बस कर!"

तिला ऐकू गेलं नाही. तिची मशीन डबीत होती. ती वाचत राहिली, आणि त्या दोन ओळींवर येऊन परत थांबली. भाचीनं पिक्चरही थांबवला.

"हे मी सोडलं होतं," ती म्हणाली.

तिनं कुणाकडेही न बघता, भिंतीकडेच बघत, त्या मोठ्या आवाजात सगळ्यांना सांगितलं, "ही वही हिची होती. माझ्या बहिणीची. मी वाचली होती. ही दार बडवत होती आणि आम्ही आतून कडी घातली होती." मग माझ्याकडे वळली. "मला आठवत होतं गं. कुणाची तरी, कुणाची तरी म्हणत राहिले की तसंच वाटायला लागतं."

भावजींनी चष्मा काढला आणि पुसत बसले. हेच हवं होतं मला. नवऱ्यासमोर, पोरीसमोर, तिच्याच तोंडून. पांढरी फटकही पडली होती. मग मला बरं का वाटत नव्हतं? उलट मी अजून भडकले. म्हणजे हिला ठाऊक होतं! त्या दिवशी जेवताना हसून हसून डोळे पुसत होती तेव्हाही ठाऊक होतं!

मी मोबाईल काढला, मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि तिच्या नाकासमोर धरलं. मशीन काढलेली असली की आम्ही तिच्याशी असंच बोलायचो.

"त्याच दोन ओळी का सोडल्यास?" तिनं मोठ्यानं वाचलं. "त्या वाचल्या असत्या तर पुढचं वाचता आलं नसतं मला."

भाचीचं बोट चुकून लागलं की काय कोण जाणे, पिक्चर पुढे सरकला. पानाची शेवटची ओळ भिंतीवर आली. शाळेत सगळ्यांत जास्त हशा ह्या ओळीला झाला होता. ताईनं ती वाचली.

"मोठी झाले की मला खूप मैत्रिणी असतील. निदान एक."

भिंतीवर ती पोरगी हसत वही मिटत होती. ताईनं तिकडे पाठ केली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि रंगवलेल्या केसांची एक बट गालाला चिकटली होती.

"मिळाली का गं?" तिनं विचारलं. "निदान एक?"

मी खोटं लिहू शकत होते. पन्नासावा वाढदिवस होता तिचा, पोर समोर बसली होती. एका अक्षरात तिची सुटका झाली असती. 'हो' लिहिलं असतं तर तिनं मला मिठी मारली असती, पिक्चरसारखी, दीड मिनिटाची. माझा अंगठा त्या अक्षरापर्यंत गेलासुद्धा.

पण आमचा नियम आहे, ऐकू येतं ते लिहायचं. मी खरं तेच लिहिलं, अक्षर आणखी मोठं केलं, आणि मोबाईल तिच्या डोळ्यांसमोर धरून ठेवला, तिनं वाचेपर्यंत.

"नाही," ताईनं मोठ्यानं वाचलं.